लॅपटॉपातली अंजनाबाई

अंजनाबाई मंगळवारी गेली आणि शुक्रवारी घरातल्यांच्या लक्षात आलं की तिचा एकही फोटो नाही.

फोटो सापडत नव्हता असं नाही. सापडत नसलेल्या वस्तूची निदान आशा तरी असते. हा फोटो कधी निघालाच नव्हता. कॅमेरा दिसला की बाई जी उठायची ती थेट परसात. म्हणायची, "जित्या माणसाचा फोटो कायले? मेल्यावर भिंतीवर टांगतेत, तवा काढा." आता भिंत तयार होती, भिंतीत खिळाही ठोकून झाला होता, आणि काढायला बाई नव्हती.

खुशाल गुरुजी हे तिचे धाकटे भाऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. ब्रह्मपुरीपासून वीस किलोमीटरवरच्या त्या गावात शर्ट पँटीत खोचून फिरणारे दोनच इसम, त्यातले एक. (दुसरा खताच्या कंपनीचा माणूस, पण तो पाहुणा.) मोठ्या बहिणीला तिकडे बाई म्हणतात, म्हणून गुरुजी तिला बाई म्हणत, मग त्यांची बायको कुंता म्हणू लागली, मग सगळं गाव. तलावातली मासोळी टोपलीत घालून, ती टोपली डोक्यावर घेऊन, बाजारोबाजार हिंडून बाईनं ह्या भावाला शिकवलं. ह्याहून जास्त इतिहास सांगितला तर गुरुजींना रडू येईल आणि गोष्ट इथंच अडकून राहील.

तर शोध सुरू झाला. गुरुजींच्या लग्नाच्या अल्बमात बाई पाच ठिकाणी सापडली. तीन ठिकाणी तिचं कोपर होतं, एका ठिकाणी पाठ होती, आणि एका ठिकाणी वांग्याच्या भाजीचं एवढं मोठं गंज, म्हणजे पातेलं होतं, ज्याच्यामागे बाई आहे असं कुंता शपथेवर सांगत होती. मतदार कार्ड निघालं. त्यावर नाव अंजनाबाईचं, वय अंजनाबाईचं आणि फोटो एका मिशावाल्याचा. ह्या मिशीवर बाईनं दोनदा मत दिलं होतं. पहिल्यांदा कोणीतरी हटकलं तेव्हा ती म्हणाली होती, "मिशी काल काढली," आणि पुढे गेली होती.

शेजारचे इसरूभाऊ रोज सकाळी सांत्वनाला येत. सांत्वन संपलं की सल्ला सुरू होई.

"गुरुजी, पाच गावचे लोक येतीन तेरवीले. फोटो नाई तं हार कोणाले घालतीन? खिळ्याले?"

गुरुजींनी खिळ्याकडे पाहिलं.

"माह्या साळीचा हाय एक फोटो घरी. तोच लावून देऊ. हाराखाली सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच दिसतेत."

"तुमची साळी जिती हाय न जी?" कुंतानं आतून विचारलं.

"हाय न. पण तिले कोण सांगाले जाते."

इसरूभाऊ म्हणजे मच्छीमार सोसायटीचे माजी अध्यक्ष. पण गावात त्यांची ओळख वेगळी. तरुणपणी त्यांनी बाईच्या टोपलीतला एक मरळ उचलला होता आणि बाईनं त्यांना तलावाच्या पाळीवर, अख्ख्या गावासमोर, एक चपराक दिली होती. तेव्हापासून गावात वर्षं मोजायची झाली तर "इसरूच्या थापडीच्या आधी" आणि "थापडीच्या नंतर" अशी मोजत. त्या माणसालाही फोटोची काळजी पडावी, ह्यावरून प्रसंग किती बाका होता ते समजा.

पण गुरुजींची खरी भीती फोटोची नव्हती. ती त्यांनी कोणालाच सांगितली नाही. शुक्रवारी दुपारी ते ओसरीत बसले, डोळे मिटले आणि बाईचा चेहरा आठवायला गेले. आवाज आला. टोपली आली. ओल्या लुगड्याचा वास आला. पण चेहऱ्याच्या जागी काहीच आलं नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली, पायापासून. पाय आले, लुगडं आलं, खांदा आला, आणि वर पुन्हा कोरी पाटी. ज्या बाईनं आपल्याला वाढवलं ती जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि तिचं तोंड आठवत नाही, असा माणूस जगात दुसरा असेल का? शाळेत अशा पोराला ते कोंबडा करून उभं करत.

तेवढ्यात त्यांची मुलगी आचल, नववीतली, सहज बोलावं तसं बोलली, "आत्याचा फोटो लॅपटॉपमधी हाय न. मीच काढला."

घर थांबलं. कुंताच्या हातातलं सूप थांबलं.

"आणि तू आता सांगून राह्यली?"

"मले कोणी विचारलंच नाई."

आता लॅपटॉपबद्दल. गुरुजींनी कॉम्प्युटरची परीक्षा दुसऱ्या झटक्यात पास केली आणि त्या आनंदात नागपूरहून एक जुना लॅपटॉप आणला. गावात पहिला. त्यावर त्यांनी आजवर एक रजेचा अर्ज लिहिला होता आणि बाकी वेळ पत्ते खेळले होते. पण पत्ते खेळतानाही ते असं कपाळ आक्रसून बसत की येणाराजाणारा चपला हातात घेऊन जाई. शाळेत जाताना ते लॅपटॉप कपाटात कुलपात ठेवत. तरी त्याच्या बटणांमध्ये सारखं बारीक तूस सापडे. "मुरमुरे खात बसते त्याच्यावर," म्हणून त्यांनी आचलला चारदा झापलं होतं. आचलनं ते निमूट ऐकून घेतलं होतं. आचल आणि निमूट, हे दोन शब्द एका वाक्यात येतात तेव्हा बापानं सावध व्हायला पाहिजे. गुरुजी झाले नाहीत.

आणि आता तो लॅपटॉप चार्ज होत नव्हता. बाईला ताप आला त्याच्या आदल्या दिवसापासूनच. पिन लावली की दिवा लागायचा तो लागत नव्हता. ताप उतरेल मग बघू, असं गुरुजी म्हणाले होते. दोन्ही गोष्टी तशाच राहिल्या.

त्यात दुसरी अडचण. अग्नी दिलेल्या माणसानं दहा दिवस गावाची शीव ओलांडायची नाही. म्हणजे दहाव्यापर्यंत ब्रह्मपुरी बंद. "त्या झाडू वायरमनच्या हाती पाठवून द्या न," कुंता म्हणाली. गुरुजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं बाईलाच झाडूच्या सायकलवर बसवून पाठवायला सांगितलं होतं. ब्रह्मपुरीत फारूकभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "गुरुजी, मरीज देखे बगैर दवा कैसे दूँ?"

म्हणून झाडूच घरी आला. झाडू हा गावातला वायरमन. हा हुद्दा त्याला कोणी दिला नव्हता, तसा तो काढूनही कोणी घेतला नव्हता. त्यानं अडॅप्टरची पिन हातात घेतली, निरखली आणि जिभेला लावली.

"करंट येऊन राह्यला," जीभ आत घेत तो म्हणाला. "पण मशीन आत घेऊन नाई राह्यली."

"काऊन?"

"सुतक असन."

मग त्यानं मीटरजवळ काहीतरी उलटसुलट केलं. ठप्प असा आवाज आला. पण तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं, त्यामुळे काय गेलं ते कोणालाच कळलं नाही. चार वाजता गावभर लाईट आली आणि गुरुजींच्या ओळीतली सात घरं तशीच काळी राहिली, तेव्हा कळलं. त्या सात घरचे सात कर्ते अंगणात आले. सुतकात शिव्या देत नाहीत म्हणून त्यांनी फक्त उभं राहून पाहिलं. गुरुजींना शिव्या चालल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी इसरूभाऊ म्हणाले, "बॅटरी काढा आणि उन्हात ठेवा. टॉर्चचे सेल नाई ठेवत का आपण? दोन दिवस ऊन खाल्लं की पुन्हा पेटते." गुरुजी विज्ञान शिकवत. पण माणूस चार-पाच दिवस शीव ओलांडत नाही, एक वेळ जेवतो, बहिणीचा चेहरा शोधतो, तेव्हा त्याच्यातलं विज्ञान जरा बाजूला बसलेलं असतं. बॅटरी कौलांवर ठेवली गेली. दुपारी वानर आलं. बॅटरी घेऊन ते इसरूभाऊंच्या घरावर गेलं आणि आढ्यावर बसून दोनदा चावलं. खाली सगळी गल्ली जमली. कोणी केळं दाखवलं, कोणी दगड दाखवला. वानरानं बॅटरीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि चार्जिंग नाही हे लक्षात आल्यासारखी ती टाकून दिली. ती अंगणात जेवत बसलेल्या इसरूभाऊंच्या भातावर पडली. म्हणजे ताटातल्या.

बॅटरीला दोन दात लागले होते. गुरुजींनी ती धुतली नाही, एवढं विज्ञान शिल्लक होतं. फडक्यानं पुसली आणि जागेवर बसवली.

दहाव्याला त्यांचं डोकं भादरलं गेलं. अकराव्याला सकाळी ते आचलला घेऊन काळीपिवळीत बसले. काळीपिवळी म्हणजे आठ जणांची जीप, जिच्यात एकोणीस जण होते. मांडीवर काळी बॅग, बॅगेत लॅपटॉप, बॅगेवर दोन्ही हात, आणि वर ते चकचकीत डोकं. समोरच्या म्हाताऱ्यानं डोकं पाहिलं, मग बॅग पाहिली आणि पायातली चप्पल काढली.

"मार्कंड्याले चालले का जी?"

वैनगंगेत अस्थी सोडायला लोक मार्कंड्याला जातात. गुरुजींना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. तोवर म्हाताऱ्यानं बॅगेला हात लावून हात कपाळाला लावला होता.

"कोण होती?"

"बहीण," गुरुजी म्हणाले. हे खरंच होतं.

"बॅग लहान हाय म्हणजे माणूस लहानच असन."

आता "ह्यात लॅपटॉप आहे" हे सांगायचं तर कधी सांगायचं? एका बाईनं डोक्यातलं शेवंतीचं फूल काढून बॅगेवर ठेवलं. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. मागच्या सीटवरच्या दोघांनी भांडण थांबवलं. आचल खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, पोरगी रडून राह्यली. एकीनं तिला जवळ घेतलं. ब्रह्मपुरीला उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, गड्ड्यात जरा आदळली गाडी. बाईले लागलं असन तं माफी करा म्हणा." आणि गुरुजींच्या डोळ्यांत, लॅपटॉप मांडीवर असताना, पहिल्यांदा पाणी आलं.

फारूकभाईंचं दुकान अर्धं मोबाईलचं होतं. उरलेल्या अर्ध्यात त्यांची बायको सुलताना साड्यांना फॉल-पिको करून देई. मधे एक पडदा. फारूकभाईंनी टक्कल पाहून आधी उभं राहून दुःख व्यक्त केलं, मग लॅपटॉप उलटा केला.

"ये किसने काटा?"

"वानरानं."

फारूकभाईंनी पुढे विचारलं नाही. मोठा माणूस. त्यांनी दुसरा अडॅप्टर लावून पाहिला, तिसरा लावून पाहिला. दिवा लागेना. प्रत्येक वेळी पिन जरा बाहेरच राही. "कंपनी अलग हाय न, म्हणून पुरी जात नाई," ते म्हणाले. गुरुजी म्हणाले, आमचीही जात नाही. फारूकभाईंनी जोर लावला. मग कानाशी धरून लॅपटॉप हलवला. मग खाली ठेवला आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तसा आवाज काढला.

"मदरबोर्ड गेला समजा, गुरुजी. नागपूरले पाठवा लागन. पंधरा दिवस."

"परवा तेरवी हाय."

"आत जो हाय तो डाटा काढता येते, पण त्याची केबलबी नागपूरलेच भेटते."

नागपूर. परवा. गुरुजी स्टुलावर बसले. समोर काचेत त्यांचं टक्कल दिसत होतं आणि त्याखाली त्यांचा चेहरा, आणि तो बाईसारखा आहे का, हे ते काचेत शोधू लागले. बाईसारखा कसा आहे, हे कळायला आधी बाईचा आठवायला पाहिजे, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

पडद्यामागचं मशीन थांबलं. सुलताना बाहेर आली, बोटांत सुई.

"कबसे देखून राह्यली मी. पिन अंदर जात नाई म्हणता, तो छेद में झाँक के किसीने देखा क्या?"

दोघा पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. दहा दिवसांत ह्या यंत्राची जिभेनं, उन्हानं, दातांनी आणि जोरानं तपासणी झाली होती. भोकात कोणी पाहिलं नव्हतं.

तिनं लॅपटॉप उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला, सुई आत घातली, हलकेच फिरवली. तांदूळ निवडणारा हात. सुईच्या टोकावर काहीतरी आलं ते तिनं तळहातावर झटकलं.

धान. तुसासकट, एक दाणा. मधल्या खिळ्याच्या बाजूला जाऊन बसलेला.

"गुरुजी," फारूकभाई हळू आवाजात म्हणाले, "लॅपटॉप खेत में चलाते क्या?"

गुरुजी आचलकडे वळले. आचल फॉलच्या रंगीत पट्ट्या मोजत होती.

"आचल."

"आत्यानं शपथ घातली होती."

"कायची?"

"तुम्ही शाळेत गेले की आत्या लॅपटॉप काढे. तिच्यापाशी दुसरी चाबी होती कपाटाची. लुगड्यात गुंडाळे आणि ढोलीत ठेवे, धानात. खोल. तुम्ही याच्या आधी काढून, झटकून, पुन्हा कपाटात." ती थांबली. "म्हणे, चोर पयले कपाट पाहते. धानात कोण हात घालते. म्हणे, माह्या भावाची एवढी मोठी वस्तू."

गावाकडे ही बांबूची सारवलेली ढोली म्हणजे घरची तिजोरी. सात-बारा तिच्यात, मंगळसूत्र तिच्यात, शाळेचा दाखला तिच्यात. गुरुजींचा डी.एड.चा निकालही बाईनं तिच्यातच ठेवला होता. वर्षभर. तो काढला तेव्हा त्यातूनही तूस गळालं होतं.

दाणा सुलतानानं त्यांच्या हातावर दिला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला, पेनाशेजारी.

पिन खटकन आत गेली. दिवा लागला. पंधरा मिनिटांनी पडदा उजळला, पत्त्यांचा अर्धा राहिलेला डाव दिसला, आणि आचलनं पुढे होऊन फोटो उघडला.

सगळ्या पडद्यावर एक तळहात होता.

मोठा, लाल, कॅमेऱ्यावर आलेला. करंगळीपासून मनगटापर्यंत काटेरी मासोळीनं कधीकाळी फाडलेली पांढरी रेघ. दोन बोटांच्या फटीत एक डोळा, रागावलेला. कोपऱ्यात पदर. बाकी कौलं.

आचल सोडून सगळ्यांनी मान एका बाजूला कलती करून पाहिलं.

"हे काय हाय?" गुरुजींनी विचारलं.

"आत्या."

"हा हात हाय."

"मी फोटो काढून राह्यली होती, आत्या बंद करून राह्यली होती."

"तू तं म्हटलं फोटो हाय."

"हाय न. मी म्हटलं, हाय. कसा हाय, हे कोणी विचारलं?"

फारूकभाई खाकरले. "गुरुजी, मी करून देतो. हात काटून टाकू?"

"हात काढला तं मागं काय उरते?"

फारूकभाईंनी जवळ जाऊन पाहिलं. "कौलं."

गुरुजी पडद्यासमोर बसून राहिले. ती रेघ त्यांना पाठ होती. बोटांची पेरं पाठ होती, अंगठ्याचं वाकलेलं नख पाठ होतं. बाई बाजारातून आली की ते पळत दारात जात आणि आधी हाताकडे पाहत. हातात वही असे, कधी पेन्सिल, कधी गाठोड्यात शेव. त्याच्या वर कधी पाहायची वेळच आली नाही.

"असाच काढून द्या," ते म्हणाले. "मोठा."

त्या संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप बंद केला, त्याच्या भोकात कापसाचा बोळा घातला, बाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि ढोलीत कोपरापर्यंत हात घालून धानात खोल ठेवला. कपाटाचं कुलूप तसंच राहू दिलं. चोर पयले कपाट पाहते.

तेरवीला पाच गावचे लोक आले. भिंतीवर, खिळ्याला, काचेच्या चौकटीत एक तळहात होता, खाली उदबत्ती. कुंतानं लाजेनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता. लोक रांगेत आले, फूल उचललं, वर पाहिलं आणि थबकले. मग एक म्हातारी जवळ गेली, काचेला नाक लावून उभी राहिली.

"अंजनाच व्हय," ती म्हणाली. "हा काटा माह्यासमोर लागला तिले. दोन दिवस रक्त थांबलं नाई, तरी बाजार केला."

मागच्यानं मान डोलावली. त्याच्या मागच्यानंही. रांग पुढे सरकली. त्या हातानं प्रत्येकाला कधी ना कधी काहीतरी दिलेलं होतं, मासोळी तरी, नाहीतर दुसरं काही.

शेवटी इसरूभाऊ आले. हातात झेंडूचा हार. त्यांनी मान वर केली आणि त्यांचा डावा हात आपोआप गालावर गेला. मग हार त्यांनी आचलजवळ दिला, दोन पावलं मागे सरकले, आणि हात पोचणार नाही एवढ्या अंतरावरून त्यांनी वाकून नमस्कार केला.